चटणीतलं कार्ड

हॉटेलच्या बिलावरून भांडणं सगळ्या मुलखात होतात. फरक एवढाच, की बाकीच्या गावांत ती 'तू दे की' अशी होतात आणि कोल्हापुरात 'मी असताना तू कोण देणार' अशी होतात. या दुसऱ्या प्रकारच्या भांडणात उदयसिंह सरनोबत आयुष्यात एकदाही हरला नव्हता.

त्याच्या जिंकण्याचं गमक त्याच्या पायात होतं. मित्रमंडळींचा अड्डा म्हणजे अंबूबाईची खाणावळ. तिथे खाली मांडी घालून जेवायचं, पायातलं दाराशी काढायचं आणि दाराशीच अंबूबाईचा गल्ला. उदयसिंह घालायचा कोल्हापुरी चप्पल. तिला ना नाडी ना बक्कल. शेवटचा घास तोंडात असतानाच तो उठायचा, चूळ भरायचा, चपलेत पाय सरकवायचा आणि बाकीचे बोटं चाटत असेतोवर गल्ल्यावर बिल देऊन मोकळा व्हायचा. याच्या नेमकं उलट आकाराम. उदयसिंहाच्या दुकानाला लागूनच त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. भर उन्हाळ्यातही याच्या पायात नाडीचे बूट. जेवण झालं की हा पठ्ठ्या दारात उकिडवा बसून नाडी बांधायला घ्यायचा, आणि बिल चुकतं झाल्याशिवाय त्याची गाठ काही बसायची नाही.

"आकाराम, तुझी नाडी हाय का विहिरीचा दोर?" असं उदयसिंह चारचौघांत विचारायचा. सगळे हसायचे. आकारामही मान वर न करता हसायचा आणि गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागायचा.

उदयसिंहाचा धंदा फ्लेक्सचे बोर्ड छापायचा. कोल्हापुरात माणूस जन्मला काय, निवडून आला काय आणि गेला काय, चौकात बोर्ड लागल्याशिवाय ते कुणी खरं धरत नाही. त्यामुळे धंदा बरा होता. उदयसिंहाच्या वाढदिवसाला पेठेतली पोरं दरवर्षी 'दिलदार मनाचा राजा माणूस' असा मोठा बोर्ड लावायची. तो छापायचा उदयसिंहाच्याच मशीनवर, शाई उदयसिंहाची, आणि पैशाचं काढलं की पोरं म्हणायची, "दादा, लिवून ठेवा." मागच्या वर्षी पोरं 'दानशूर' हा शब्द विसरली होती, तो उदयसिंहाने स्वतःच्या हाताने टाइप केला.

असल्या माणसाला एका बँकेने क्रेडिट कार्ड दिलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

कार्डाचं पहिलं बिल आलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं. वर एक मोठा आकडा होता आणि खाली 'किमान देय रक्कम' म्हणून एक इवलासा. उदयसिंहाला गहिवरून आलं. एवढं आपण खाल्लं, चारलं, आणि बँक मागते किती, तर एवढंसं. बाकीचं राहू दे म्हणते. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, की या बँकेचा साहेब कोल्हापूरचाच असणार. "बँकेला माणूस कळतोय मर्दा," असं तो आकारामाला म्हणाला. पुढे तीन वर्षं तो इवला आकडा इमानेइतबारे भरत राहिला. वरचा आकडा महिन्याच्या महिन्याला फुगत होता, तो आपला मान वाढतोय असं समजून त्याने कधी मनावर घेतला नाही. मधे बँकेने कार्डाची मर्यादा वाढवली तेव्हा तर त्याने 'आमची पत वाढली' म्हणून गल्लीत पेढे वाटले. पेढ्यांचं बिल अर्थातच कार्डावर.

मग निवडणुकीची आचारसंहिता लागली, चौकातले बोर्ड उतरले, धंदा बसला आणि इवला आकडाही दोनदा चुकला. बँकेकडून एका मॅडमचा रोज फोन येऊ लागला.

"उदयसिंह जी, आपका पेमेंट पेंडिंग है।"

"मॅडम, टेन्शन मत लेव. पैसा किदर बी जाता नै. आप बोलताय कुटनं?"

"नोएडा से।"

"लई लांब पडतंय. एक डाव कोल्हापूर आव की. मटन खिलाता तुमको."

बाई रोज पैसे मागायची आणि हा रोज तिला जेवायला बोलवायचा. एके दिवशी तो अंघोळीला गेलेला असताना फोन त्याच्या बायकोने, संयोगिताने उचलला. तिने जेवायला न बोलावता फक्त आकडा विचारला. मॅडमनी दोन लाख चाळीस हजार सांगितला.

उदयसिंह टॉवेल गुंडाळून बाहेर आला तर बायको भिंतीला टेकून बसलेली.

"दोन लाख चाळीस हजार म्हंजे काय?" तिने विचारलं.

"ते व्हय? ते बँकेनं सोडल्यात."

वीस वर्षांच्या संसारात नवरा भोळा आहे हे संयोगिताला ठाऊक होतं. तो इतका भोळा असेल हे तिला नवीन होतं. मग तिने त्याला समोर बसवून व्याज कसं चढतं ते समजावलं, आणि समजलं तसा उदयसिंहाचा चेहरा पडत गेला. तीन वर्षं त्याने ज्यांना ज्यांना रस्सा पाजला होता ते सगळे डोळ्यांपुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की माणसं फार खातात.

"कुणाला सांगू नको," तो म्हणाला.

"न्हाय सांगत. पण पुढल्या भाऊबिजेला अमर येईल तवर सगळं फिटलं पायजे. न्हाय फिटलं तर मी त्याला सांगणार, आनि तो भागवंल."

अमरसिंह म्हणजे संयोगिताचा धाकटा भाऊ, मलकापूरचा. गोठ्यात तीसेक म्हशी, हातात सोन्याचं कडं. पैसे त्याने हसत दिले असते आणि नंतर एकूण एक लग्नात पंगतीला बसून सांगितलं असतं, की दाजींचं मागं जरा भागवलं. बाकी कुणासमोर नाक कापलं गेलं तरी चालेल, पण सासुरवाडीसमोर नको. उदयसिंहाने बायकोचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले.

संयोगिताने बँकेशी बोलून महिन्याचा हप्ता बांधून घेतला. स्वयंपाकघरातले डबे रिकामे करून एकात दुधाचे पैसे, एकात गॅसचे, एकात हप्त्याचे असे ठेवले. राहिलं कार्ड. ते कापायला ती तयार होईना. उसनं भांडं आपण फोडून देतो का, असं तिचं म्हणणं. फिटल्यावर बँकेचं बँकेला परत करायचं. पण ते हाताशी असून चालणार नव्हतं. म्हणून तिने वर्षाच्या चटणीची बरणी काढली, आईने मलकापुराहून पाठवलेली लालभडक कांदा-लसूण चटणी, आणि कार्ड तिच्यात तळाशी पुरलं.

"आता घाला हात," ती म्हणाली.

त्या दिवसापासून राजा माणसाचा वनवास सुरू झाला. बुलेट गेली, सायकल आली. दुकानात चहा यायचा तो घरच्या थर्मासमधून. वाया गेलेल्या फ्लेक्सच्या संयोगिता पिशव्या शिवू लागली आणि त्या मंडईत विकू लागली. पिशव्या दणकट होत्या, पण कापड कसं कापलं जाईल याचा नेम नसे. एका म्हाताऱ्याच्या वाट्याला 'भावपूर्ण' आणि खाली अर्धी मिशी अशी पिशवी आली, तो दुसऱ्या दिवशी बदलून मागायला आला. घरात जेवायच्या ताटाखालीही फ्लेक्सच होता. उदयसिंह रोज एका भावी नगरसेवकाच्या कपाळावर ताट ठेवून भाकरी मोडायचा.

हे सगळं निभलं. अवघड होती ती अंबूबाईची खाणावळ. तिथे जाऊन बिल द्यायचं नाही हे त्याला जमणारं नव्हतं, म्हणजे जायचंच नाही. कारण काय सांगायचं? उदयसिंहाने भिंतीवरच्या कॅलेंडरचा आधार घेतला. आधी म्हणाला, मार्गशीर्ष पाळतोय. मग महाशिवरात्र आली. मग ज्योतिबाचं म्हणून चैत्र. श्रावण तर हक्काचाच. पुढे गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र. हिंदू पंचांगात मटण न खाण्यासाठी किती जागा करून ठेवली आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

पेठेने याचा आपल्या परीने अर्थ लावला. बुलेट सोडली, मटण सोडलं, चहासुद्धा घरचा पितो. उदयदादाने माळ घातली. गणपतीत एका पोराने तर त्याच्या पाया पडून आशीर्वाद मागितला. उदयसिंहाने तो दिला, कारण त्याला पैसे पडत नव्हते.

आकाराम मात्र कधी काही विचारायचा नाही. सायकलवरून उतरणाऱ्या उदयसिंहाकडे तो दुकानातून बघायचा आणि परत वॉशर मोजायला लागायचा. चिकट माणसाला दुसऱ्याचं काय पडलेलं असणार, असं उदयसिंहाला वाटायचं.

दसरा झाला. आता एकच हप्ता राहिला होता आणि त्याचे पैसे डब्यात जवळजवळ जमले होते. उदयसिंह रोज झोपताना तो डबा हलवून बघायचा. छाती हलकी होत चालली होती. आणि नेमकं तेव्हाच, दिवाळीला आठवडा असताना, अमरसिंह दोन मित्रांना घेऊन दूध काढायचं यंत्र बघायला कोल्हापुरात आला आणि सरळ दुकानात येऊन उभा राहिला.

"दाजी, तुमी माळ घातलीसा म्हणं?" त्याने बसायच्या आधीच विचारलं. "मलकापूरपातूर बोलत्यात लोक. मी ह्यांना म्हटलं, आता दाजींकडं जेवायचं म्हंजे वांगंच."

दोघे मित्र हसले. शेजारून आकारामही आला होता, तो हसला नाही. उदयसिंहाची कानशिलं तापली. वर्षभर दाबून धरलेलं सगळं एका क्षणात वर आलं, आणि वर्षभरात काटकसर न शिकलेली एकटी जीभ जुन्या सवयीने सुटली.

"कोण म्हणतंय? चला, आज अंबूबाईकडं. जेवण आपल्याकडनं. आकाराम, तू बी चल."

बोलून झाल्यावर त्याने खिसा चाचपला. खिशात पेट्रोलपुरतेही पैसे नव्हते. सायकलीला लागतच नव्हते. "तुमी व्हा म्होरं, मी आलोच," म्हणून तो घरी सुटला.

संयोगिता पिशव्या घेऊन मंडईत गेली होती. उदयसिंहाने आधी हप्त्याचा डबा काढला, हलवला, आणि जागच्या जागी ठेवून दिला. त्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मग त्याने बरणी पुढे ओढली. उन्हाळ्यात नवी चटणी आली तेव्हा कार्डही जुन्या चटणीतून नव्या चटणीत गेलं होतं, हे त्याला माहीत होतं. एकदाच, तो स्वतःशी म्हणाला, फक्त एकदाच, पाहुण्यांसाठी. आणि त्याने कोपरापर्यंत हात घातला.

कार्ड सापडलं. पाण्याने धुवावं तर त्यावरची ती सोनेरी टिकली बिघडायची भीती, म्हणून त्याने ते फडक्याने पुसलं. पण घरची चटणी ती, तेल पाजून मुरवलेली. अशी पुसली जाते होय? वर तोच हात त्याने घाम पुसायला कपाळाला लावला. खाणावळीत पोचला तेव्हा त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, आणि अमरसिंहाला वाटलं, दाजींना आपल्याला बघून भरून आलंय.

जेवण झकास झालं. वर्षभराने तांबड्या रश्शाची वाटी तोंडाला लावली तेव्हा उदयसिंह क्षणभर कर्जही विसरला. पण वाटी खाली ठेवली आणि ते आठवलं. शेजारी मेव्हणा हाडं फोडत होता, प्रत्येक हाड उदयसिंहाच्या हिशेबात फुटत होतं. वर्षभराच्या पिशव्या, वर्षभराची सायकल, आणि आता हे बिल पुन्हा त्याच बँकेच्या वहीत. संयोगिताचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी सवयीचे पाय उठले, चपलेत सरकले आणि गल्ल्यावर गेले.

अंबूबाईने कार्ड घेतलं. चष्म्यापुढे धरलं. मग नाकापुढे धरलं आणि सात शिंका दिल्या.

"उदू," ती डोळे पुसत म्हणाली, आणि डोळे पुसल्याने आणखीच झोंबलं, "कार्ड हाय का लोणच्याची फोड? चटणी लावून ठेवतोस व्हय कार्ड?"

खाणावळीत तिचा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत जातो. सगळ्यांनी माना वळवल्या. अमरसिंह हात धुऊन पुढे आला, त्याने कार्ड हातात घेतलं, हुंगलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही आमच्या घरची चटणी हाय. आईची." त्याने दाजींकडे बघितलं. "दाजी, तुमच्या कार्डाला आमच्या आईची चटणी कशी लागली?"

उत्तराची वाट न बघता अमरसिंहाने बहिणीला फोनही लावला. "ताई, दाजींचं कार्ड चटणीत कसं?" मग अमरसिंहाने फोन पुढे केला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणत्या."

"मशिनीत घातलं का?" संयोगिताने एवढंच विचारलं. मागे मंडईचा कालवा ऐकू येत होता.

"अजून न्हाय."

"मग तुमचं तुमी बगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती ओरडली असती तर त्याने ते कार्ड मशीनमध्ये घातलंही असतं. पण ती ओरडली नाही. भर उन्हात 'भावपूर्ण' लिहिलेल्या पिशव्या विकत उभी असलेली बायको त्याला दिसली, आणि वर्षभर सासुरवाडीसमोर जपलेलं नाक त्याला एकदम फार लहान वाटलं. त्याने अमरसिंहाच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि खिशात घातलं.

"पावणं," तो म्हणाला, आणि आवाज जरा मोठाच लागला, "मी माळ न्हाय घातली. माज्यावर कर्ज हाय. ह्याच कार्डाचं. तुमच्या ताईनं पिशव्या शिवून फेडलंय, एक हप्ता राहिलाय. माज्याकडं आजच्या जेवणाचे पैसे न्हाईत."

वाढपी हातात रश्शाची बादली घेऊन तसाच उभा राहिला. राजा माणूस, दिलदार मनाचा, दानशूर, आणि हे काय ऐकतोय आपण.

तेवढ्यात खालून, दाराच्या उंबऱ्यापाशी नाडी बांधत बसलेला आकाराम बोलला.

"माजे अजून सात हप्ते हायत."

सगळ्यांनी खाली बघितलं. आकारामाने मान वर केली नव्हती.

"चार वर्षं झाली," तो नाडीला म्हणाला. "दुकानासाठी दोन कार्डं वापरलेली. तवापास्नं बूट घालतोय. मला कोल्हापुरीच आवडतीया खरं. पन चप्पल घातली की बिल द्यावं लागतंय."

उदयसिंह त्याच्याकडे बघत राहिला. विहिरीचा दोर. हा विनोद आपण किती वेळा केला आणि हा किती वेळा हसला, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आकारामाशेजारी उंबऱ्यावर बसला. म्हणावंसं पुष्कळ वाटत होतं.

"मला सांगायचं न्हाईस व्हय मर्दा," एवढंच तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर माजं बी तूच भरलं असतंस," आकाराम म्हणाला. "त्याच कार्डानं."

अमरसिंहाचा हात खिशाकडे गेला होता, सोन्याच्या कड्यासकट. उदयसिंहाने तो धरला. "न्हाय पावणं. जेवनाचं बी न्हाय आनि हप्त्याचं बी न्हाय." आयुष्यात पहिल्यांदाच दाजींनी त्याचा हात धरला होता आणि स्वतःचा खिशात घातला नव्हता.

"तुमचं झालं असंल तर माजं बिल कोण देनार?" अंबूबाईने विचारलं.

तेव्हा अमरसिंहाच्या दोन मित्रांपैकी एकाने, जो कॉलेजला पुण्यात होता, हळूच म्हटलं, "कॉन्ट्री काढूया का? ज्याचं त्यानं?"

हा शब्द त्या खाणावळीत आजवर उच्चारला गेला नव्हता. उदयसिंह असताना तर तो शिवीसारखा होता. पण पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग अंबूबाईच्या गल्ल्यावर पाच वेगवेगळ्या हातांनी पैसे पडले. उदयसिंहाचे आकारामाने उसने दिले, आणि लगेच खिशातली वही काढून त्याच्या देखत लिहूनही ठेवले. "चिकट हायस," उदयसिंह म्हणाला. "फिटेस्तोवर राहनार," आकाराम म्हणाला.

रात्री घरी जेवायच्या वेळी संयोगिताने भावी नगरसेवकाच्या कपाळावर ताट ठेवलं, पिठलं वाढलं, आणि मग म्हणाली, "मटण कसं हुतं?"

"चांगलं हुतं," तो म्हणाला. "खरं चटणी आपल्या घरची चांगली." ती हसली. त्या वर्षात ती अशी पहिल्यांदाच हसत होती, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला गलबलून आलं. या वेळी डोळ्यांतलं पाणी चटणीचं नव्हतं.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी शेवटचा हप्ता गेला आणि कार्डही बँकेला परत गेलं. अमरसिंह आला, ओवाळून घेतलं, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोलला नाही. जाताना मात्र चटणीची नवी बरणी ठेवून गेला आणि उंबऱ्यात म्हणाला, "आई म्हणाली, हिच्यात चमचाच घाला."

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. नोएडाच्या मॅडम होत्या. आवाज आज मधाळ होता. त्या म्हणाल्या, की सरांनी सगळं कर्ज वेळेत फेडलं म्हणून बँक फार खूश आहे आणि सरांना याहून मोठ्या मर्यादेचं नवं कार्ड देऊ इच्छिते, कुठलाही चार्ज न लावता.

उदयसिंहाने फोन दुसऱ्या कानाला लावला. शेजारच्या दुकानातून आकाराम वॉशर मोजायचं थांबवून बघत होता.

"मॅडम," उदयसिंह म्हणाला, "कार्ड रेहने देव. आप कोल्हापूर आव. मटन खाव, रस्सा पिव. लेकिन एक बात है."

"जी, सर?"

"कॉन्ट्री काढनी पडेगी."